इंजिन घेताना आधी रांगवून बघा

मॉडेल रेल्वेचं इंजिन विकणारा ते नेहमी भरधाव पळवून दाखवतो. दिवे लागतात, शिट्टी वाजते, इंजिन गरागरा वळसे घालतं आणि घेणारा खूश होऊन पाकीट काढतो. पण पूर्ण बारा व्होल्ट दिल्यावर बरीवाईट कुठलीही मोटर पळतेच. गिअर झिजलेले असोत, चाकांना मळ चढलेला असो की आस किंचित वाकलेला असो, वेगात सगळं झाकून जातं. म्हणून विक्रेत्याला एकच विनंती करायची: आता हे जितकं हळू चालेल तितकं हळू चालवून दाखवा.

या चाचणीला मोजमापही आहे. रुळाशेजारी मीटरपट्टी ठेवा. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातलं इंजिन मीटरभर रूळ तीन सेकंदांत ओलांडत असेल, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ते ताशी १०० किलोमीटरच्या थोडं वर पळतंय. तेवढंच अंतर कापायला त्याला पूर्ण मिनिट लागलं, मध्ये ते थांबलं नाही आणि गचके बसले नाहीत, तर तो वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीचा. असं इंजिन डोळे मिटून घ्यावं. अर्ध्या मिनिटात जमलं तरी चालेल. जे हळू चालायला तयारच नाही, एकदम उसळून सुटतं किंवा दर दोन-तीन सेंटिमीटरला अडखळतं, ते कितीही देखणं असलं तरी परत ठेवा. मोटर, गिअर, चाकं, वीज उचलणाऱ्या पट्ट्या या सगळ्यांची परीक्षा संथ चालीत एकदम होते.

ऑनलाइन घेताना ही चाचणी हातात नसते. मग विक्रेत्याकडून संथ चालीचा व्हिडिओ मागवावा. बरेच जण कुरकुरतात, पण पाठवतात. जो पाठवत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

जागा आधी, इंजिन नंतर

आपल्या घरांत पहिला प्रश्न जागेचा. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. युरोपीय बनावटीच्या सुरुवातीच्या संचातलं वळण साधारण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. त्याचं पूर्ण वर्तुळ बसवायला कडेची मोकळी जागा धरून ८५ सेंटिमीटर रुंदीची फळी लागते. अमेरिकी संचांत बहुधा १८ इंच त्रिज्येचं वळण असतं, त्याला चार फुटी फळी हवी. एवढी फळी दिवाणखान्यात कायमची ठेवणं बहुतेक फ्लॅटमध्ये अशक्यच. अशा घरांसाठी एन प्रमाण आहे: १:१६०, रुळांत अंतर ९ मिलिमीटर. २८ सेंटिमीटर त्रिज्येचं ऐसपैस वळणसुद्धा अडीच फुटांच्या फळीवर बसतं आणि ती पलंगाखाली सरकवता येते. मात्र एनची इंजिनं हलकी असतात. रुळावरची धूळ त्यांना लवकर जाणवते आणि चाळिशीनंतर डोळ्यांनाही ती जरा जडच जातात.

ब्रिटिश बनावटीची, हॉर्नबीसारखी इंजिनं ओओ प्रमाणात, म्हणजे १:७६ असतात, पण त्यांचे रूळ एचओइतक्याच अंतराचे. त्यामुळे ती एचओच्या रुळांवर आरामात चालतात. फक्त एचओच्या डब्यांपुढे ती थोराड दिसतात.

इंजिनाच्या खोक्यावर किमान वळणत्रिज्या छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन-तीन आसांच्या दोन बोगी असलेली लांब इंजिनं लहान वळणावर नाखूश असतात. एक तर रूळ सोडतात, नाहीतर कडेच्या खांबांना पोट घासत जातात. ३६ सेंटिमीटरच्या वळणावर दोन-दोन आसांच्या बोगीचं इंजिन घ्यावं. डब्यांचंही तेच. आपला साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा एचओत २७ सेंटिमीटर लांब होतो. असे सोळा डबे जोडले तर गाडी साडेचार मीटरच्या घरात जाते. घरात पाच डब्यांची गाडी छान दिसते, आठांची बरी दिसते, त्यापुढे इंजिन स्वतःच्या शेपटीचा पाठलाग करू लागतं.

आपलं इंजिन हवं असेल तर

प्रत्येकाला पहिलं इंजिन आपल्या ओळखीचं हवं असतं. कल्याणला पाहिलेलं डब्ल्यूएपी-७, निदान एखादं डब्ल्यूएजी-९. पण भारतीय इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती कमी निघतात, त्याही लहान संख्येत आणि महाग. काही ठिकाणी तर नुसतं वरचं कवच मिळतं, ते परदेशी इंजिनाच्या साट्यावर आपण बसवायचं. शिवाय गेजची गोम आहेच. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ ने भागलं तर रुळांतलं अंतर १९ मिलिमीटरच्या वर यायला हवं. बाजारातला १६.५ मिलिमीटरचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजचा आहे. त्यामुळे एचओतलं भारतीय इंजिन समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. रुंद रूळ हातानं घडवणारे निष्ठावंत आहेत, पण नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. पहिलं इंजिन त्याच्या यंत्रणेसाठी घ्या, रंगरूपासाठी दुसरं घेता येईल.

तरीही ओळखीचं काही हवंच असेल तर स्वित्झर्लंडकडे बघा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतर काही वर्षांतच जीआयपी रेल्वेनं भोर आणि थळ घाटांतल्या मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली, ती मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथुर इथल्या कारखान्याची. तीच आपल्या लोकांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखली. मध्ये चालकाची खोली, पुढंमागं दोन लांब नाकं आणि चाकांना जोडणारे दांडे. गोठार्डच्या चढावर धावलेली, ‘क्रोकोडाइल’ या टोपणनावाची स्विस इंजिनं त्याच कारखान्यातली. मार्कलिननं १९४७ मध्ये त्यांची एचओ प्रतिकृती काढली आणि तेव्हापासून संग्राहक तिच्यामागे आहेत. घाटाची आवड असलेल्यानं कधीतरी हे इंजिन जरूर घ्यावं, पण पहिलं म्हणून नको. दांड्यांनी चालणाऱ्या यंत्रणेत एक चाक जरी आसावर किंचित सरकलेलं असलं तरी संथ चालीत इंजिन लंगडतं, आणि ते दुरुस्त करणं कौशल्याचं काम आहे.

मार्कलिनचं नाव निघालं म्हणून एक इशारा. त्यांची एचओ इंजिनं तीन रुळांच्या पद्धतीची असतात. दोन्ही रूळ मिळून विजेची एक बाजू आणि स्लीपरांच्या मधले बारीक खिळे ही दुसरी. इंजिनाच्या पोटाखाली लांब पट्टी असते, ती या खिळ्यांवरून घसरत वीज उचलते. डावी-उजवी चाकं एकमेकांपासून वेगळी केलेली नसल्यामुळे असं इंजिन नेहमीच्या दोन रुळांवर ठेवलं की थेट शॉर्ट सर्किट. जुन्या बाजारात स्वस्त मिळालं म्हणून उचलण्याआधी ते उलटं करून पोटाखालची पट्टी बघा. त्याच कंपनीचं दोन रुळांसाठी हवं असेल तर ते ट्रिक्स या नावानं मिळतं.

पोटात काय आहे

कवच काढून दाखवा म्हटलं तर चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. आत धातूचं जड साटं असावं. मोटर मध्यभागी, तिच्या एका किंवा दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, आणि तिथून दांड्यांनी दोन्ही बोगींपर्यंत गेलेली चाल, ही रचना सर्वांत भरवशाची. रुळावर मळाचा ठिपका आला, क्षणभर वीज तुटली, तरी फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन पुढे सरकतं. स्वस्त आणि जुन्या इंजिनांत चपटी मोटर एकाच बोगीत बसवलेली असते. ती आवाज करते आणि तिला संथ चाल सहसा जमत नाही.

मग चाकं मोजा. किती चाकं वीज उचलतात आणि किती चाकं ओढतात, ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात. काही चाकांना रबरी कडी असते. तिच्यामुळे पकड वाढते, चढावर फायदा होतो, पण ते चाक वीज उचलत नाही. आठपैकी दोन चाकांना रबर असलेलं इंजिन ठीक. चार चाकांचं चिमुकलं शंटर मात्र पहिल्या खरेदीत टाळाच. सांध्याच्या मध्यभागी प्लास्टिकचा जो वीज नसलेला तुकडा असतो, त्यावर ते नेमकं येऊन थांबतं आणि मग दर वेळी बोटानं ढकलावं लागतं.

जुनं इंजिन बघायला जाताना खिशात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी ठेवा. एक वायर डाव्या चाकांना, एक उजव्या चाकांना लावली की मोटर जिवंत आहे का ते तिथंच कळतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ असा आवाज येत असेल तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर चिरला आहे. तो बदलता येतो, पण सुटा भाग मिळतो का ते आधी विचारा. जस्ताच्या ओतीव साट्याला फुगवटा किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर मागं फिरा, तो रोग बरा होत नाही. खूप जुन्या इंजिनांच्या चाकांची आतली कड खोल असते. ती बारीक उंचीच्या आधुनिक रुळांवर स्लीपरांना थडकत चालते.

आता डीसी घ्यावं की डीसीसी? साध्या डीसी पद्धतीत रुळांमधला दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव उलटे केले की दिशा उलटते. इंजिनाच्या तोंडाच्या दिशेनं पाहताना उजवा रूळ धन असेल तर ते पुढं जातं. डीसीसीत रुळांत सतत १४ ते १६ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि त्यातूनच आज्ञा जातात. इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखून मोटर फिरवतो. एकाच रुळावर दोन-तीन इंजिनं वेगवेगळी चालवायची असतील तर डीसीसीला पर्याय नाही. माझं मत असं की सुरुवात डीसीवर करावी, पण इंजिन डीकोडरचं सॉकेट असलेलंच घ्यावं. पुढं आठ पिनांचा किंवा एकवीस पिनांचा डीकोडर खोचला की काम झालं. सॉकेट नसलेल्या इंजिनात वायरी कापून, डाग देऊन डीकोडर बसवणं हा वेगळाच छंद आहे. आवाजाच्या डीकोडरवर पहिल्या वर्षी पैसे घालवू नयेत. आठवड्याभरात घरातले तो बंद करायला लावतात.

डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. ते जागच्या जागी गुणगुणतं आणि मोटर तापते. नव्या डीकोडरचा क्रमांक कारखान्यातून ३ ठेवलेला असतो. रांगण्याच्या दृष्टीनं महत्त्वाच्या सीव्ही, म्हणजे डीकोडरच्या क्रमांकित सेटिंग, दोन-तीनच. सीव्ही २ मध्ये सुटण्याचा दाब, सीव्ही ३ मध्ये वेग किती सावकाश चढावा आणि सीव्ही ४ मध्ये किती सावकाश उतरावा. आकडे फिरवता फिरवता सगळा घोळ झाला तर बऱ्याच डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं.

पहिला दिवस

संच अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणला असेल तर प्लग लावण्याआधी पॉवर पॅकवरचं लेबल वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लेबलवर ‘इनपुट १००–२४०’ असं असेल तर निर्धास्त लावा. नुसतं १२० असेल तर तो पॅक बाजूला ठेवून इथं चालणारा कंट्रोलर घ्या. युरोप आणि ब्रिटनच्या संचांना ही अडचण नाही, फक्त पिनेचा अॅडॅप्टर लागतो. आजच्या एचओ इंजिनाला चालताना साधारण अर्ध्या अँपिअरच्या आतच वीज लागते, म्हणून एक अँपिअरचा कंट्रोलर पुरतो.

नवं इंजिन डबे न जोडता मध्यम वेगानं अर्धा तास पुढं आणि अर्धा तास मागं फिरवा. मग ते उचलून उलट्या तोंडानं ठेवा आणि पुन्हा तसंच करा, म्हणजे एकाच बाजूच्या वळणानं चाकं आणि गिअर एकांगी झिजत नाहीत. गिअर बसले, मोटरचे ब्रश जागेवर आले की रांगण्याची चाचणी पुन्हा घ्या. बहुतेक इंजिनं पहिल्यापेक्षा हळू चालतात.

तेल कारखान्यातूनच घातलेलं असतं, लगेच घालू नका. पुढं घालायची वेळ आली तर प्लास्टिकला न खाणारं हलकं सिंथेटिक तेल घ्या आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढंच आसांच्या टोकांना लावा. खोबरेल तेल अजिबात नको, पुण्या-नाशिकच्या थंडीत ते गोठतं आणि इंजिन जागचं हलत नाही. बिजागऱ्यांवर मारायचे फवारेही नकोत. जास्त तेल रुळांवर उतरतं, रबरी कड्या फुगवतं आणि मोटरच्या आत गेलं तर ब्रशचा चिखल करतं.

अडखळलं तर दोष कुणाचा

इंजिन दर फेरीला एकाच जागी मंदावत असेल तर दोष रुळाचा. कुठंही, केव्हाही अडखळत असेल तर दोष चाकांचा. एवढं ओळखलं की निम्मं काम झालं.

रुळांचे तुकडे ज्या फिशप्लेटांनी जोडतात त्या सैल होतात, आतून काळवंडतात. मग कंट्रोलरपासून लांबच्या टोकाला दाब कमी पोचतो. यावर उपाय म्हणजे दर तीन-चार फुटांवर रुळांना खालून स्वतंत्र वायर देणं. डीसीसी असेल तर ठिकठिकाणी रुळांवर एक नाणं आडवं टाकून बघा. कंट्रोलरनं तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तिथली जोडणी कमजोर आहे आणि एखाद्या दिवशी घसरलेलं इंजिन तिथं तापून वितळेल.

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. स्टीलचे मुंबई-कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात, पितळी लवकर काळे पडतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. सँडपेपरनं बारीक चरे पडतात आणि मळ तिथंच साठतो. भांडी घासायचा लोखंडी काथ्या तर रुळाजवळही आणू नये. त्याचे तुकडे मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि आत शॉर्ट होतं.

चाकं साफ करायची युक्ती सोपी आहे. टिश्यू पेपरचा तुकडा अल्कोहोलनं ओलसर करून दोन्ही रुळांवर आडवा ठेवा. एक बोगी कागदावर, दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हातानं धरा आणि वीज द्या. कागदावर काळे पट्टे उमटतील. कागद पांढरा राहीपर्यंत जागा बदलत राहा, मग दुसरी बोगी. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ समई किंवा उदबत्ती नको, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

विजेच्या इंजिनाच्या छपरावरचा पँटोग्राफ हा सर्वांत नाजूक भाग. आजच्या बहुतेक मॉडेलांत तो दिखाऊ असतो आणि वीज रुळांतूनच येते, त्यामुळे वर तारा नसल्या तरी काही अडत नाही. मात्र तो वर उचललेला असेल तर बोगद्याच्या तोंडाची उंची आधी मोजा. इंजिन उलटं करून दुरुस्त करताना ते टेबलावर ठेवू नका. जाड स्पंजमध्ये खाच कापून त्यात झोपवा.

पावसाळ्यात इंजिनं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत. त्या डब्यात कपड्यांसारख्या डांबरगोळ्या मात्र टाकू नका, त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीनचं कवच मऊ पडतं. जुन्या खोक्यातला फोम चिकट झाला असेल तर तोही काढून टाका, रंगाला धरतो.

पैसे खर्च करण्याआधी चालती मांडणी बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथं इंजिनांकडे नव्हे, सांध्यांकडे आणि चढावांकडे बघत बसा.

घाट बांधायचा असेल तर

चढ हा महाराष्ट्रातल्या माणसाचा मोह. कर्जत ते लोणावळा भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे पावणेतीन टक्के. तो तसाच एचओत उतरवता येतो, पण एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर सुमारे ७८ मिलिमीटर उंची लागते आणि त्यासाठी जवळजवळ तीन मीटर लांबीचा चढ हवा. शिवाय उतरायला तेवढाच. चार फुटी फळीवर वळसे घेत हे बसवलं तर वळणाचा अडथळा चढात मिळतो आणि सपाटीवर दहा डबे ओढणारं इंजिन निम्म्यावर चाकं फिरवत उभं राहतं. म्हणून डोंगर बांधण्याआधी नुसती फळी एका बाजूनं पुस्तकांवर उचलून इंजिनाची परीक्षा घ्या. चढावर किती डबे नेतं ते बघा आणि गाडी त्याहून एका डब्यानं लहान ठेवा.

खऱ्या घाटात कर्जतला गाडीच्या मागं बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. मॉडेलवरही लावता येतो, पण दोन इंजिनांच्या चाली जुळायला हव्यात. डीसीवर दोघांना एकाच वर्तुळात फूटभर अंतरावर मोकळं सोडून बघा. फेरीभरात अंतर थोडंसंच बदललं तर जोडी जमेल. गाडीच्या पुढं दोन इंजिनं जोडताना वेगवान इंजिन पुढं ठेवायचं. बँकर मागं लावताना उलट, तो पुढच्यापेक्षा किंचित मंद हवा, नाहीतर वळणावर मधले डबे बाहेर फेकले जातात. डीसीसी असेल तर सीव्ही ५ आणि ६ मध्ये वरचा आणि मधला वेग कमी करून हे साधतं. बँकरच्या लगेच पुढचा डबा वजनदार ठेवा, रिकामी सपाट वॅगन तिथं कधीच नको.